कार्बन रोड बाईक घरी जोडताना : सातशे ग्रॅमचा हिशेब आणि सराटे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उंची १७२ सेंमी, वजन ७२ किलो, मुक्काम जळगाव. रविवारी अजिंठा घाट, कधी चाळीसगावकडून कन्नडचा घाट, हिवाळ्यात एखादी २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी. डिस्क ब्रेकची कार्बन फ्रेम आणि शिमानो १०५ डीआयटू (शिमानोचा विजेवर चालणारा गिअर-ब्रेकचा संच) घ्यायचं ठरलंय, बाकीचे भाग सुटे मागवून सायकल घरीच जोडायची आहे आणि वजन ७ किलोच्या आत हवंय. भाग कोणते घ्यावेत, जोडणी कशी करावी आणि फसतं कुठे?

आधी सातचं उत्तर: बसणार नाही. कागदावर मांडून बघा. मधल्या मापाची बरी फ्रेम रंगासकट ९०० ग्रॅम, कापलेला फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) ४००, हेडसेट (हँडल वळतं ती बेअरिंगं), स्पेसर (उंचीच्या चकत्या) आणि एक्सपांडर (फोर्कच्या नळीत बसणारी गुल्ली) मिळून १३०. १०५ डीआयटूचा संच रोटर (ब्रेकच्या चकत्या), बीबी (बॉटम ब्रॅकेट, पेडलच्या दांड्याची बेअरिंगं) धरून साधारण ३००० ग्रॅम. कार्बन चाकांची जोडी रिमची टेप आणि व्हॉल्व्हसकट १४५०, दोन थ्रू-ॲक्सल (चाकाचे आरपार दांडे) ७५. २८ मिमीचे ट्यूबलेस टायर ५६०, आतलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) ८०. एकसंध कार्बन हँडल-स्टेम (स्टेम म्हणजे हँडल फोर्कला जोडणारा भाग) ३७०, हँडलची टेप ५०, सीटपोस्ट १९०, सीट १८०, पेडल २६५, दोन बॉटल केज ६०. बेरीज ७७१० ग्रॅम. याच यादीत शिमानोचाच वरचा संच अल्टेग्रा घातला तर पाव किलोच्या आसपास उतरतं. त्याखाली जायचं तर प्रत्येक ग्रॅमला पैसे मोजावे लागतात, नाहीतर टिकाऊपणा सोडावा लागतो. यूसीआयने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, स्पर्धेच्या सायकलीला ६.८ किलोची किमान मर्यादा २००० साली घातली, तेव्हापासून ‘सातच्या आत’ ही इभ्रतीची गोष्ट होऊन बसली आहे. लोक सांगतात त्यातली बरीच वजनं पेडल, केज आणि सीलंट वगळून केलेली असतात, हेही ध्यानात ठेवा.

आता हे वरचे ७०० ग्रॅम घाटात किती नडतात? तुम्ही, सायकल, पाणी आणि कपडे मिळून ८२ किलो धरा. त्यातले ७०० ग्रॅम म्हणजे पाऊण टक्क्याहून थोडं जास्त. पाऊण तासाच्या चढणीत त्याचे २३-२४ सेकंद होतात. जळगाव ते धुळे, भुसावळ ते रावेर अशा सपाट रस्त्यावर तर काहीच नाही. तिथे वारा नडतो. आणि एक पंक्चर काढायला, हात चांगला बसलेला असला तरी, दहा मिनिटं जातात. म्हणून खान्देशात सायकल जोडताना हलकेपणाचा पहिला बळी टायर नसावा. बाकी ठिकाणी जमेल तसं वजन उतरवा.

फ्रेम घेताना चार गोष्टी बघा. पहिली, बीबी. बीएसए किंवा टी४७, म्हणजे आट्यांची, मिळत असेल तर तीच घ्या. प्रेसफिट बीबीत कप, म्हणजे बेअरिंगची वाटी, नुसता दाबून बसवलेला असतो. कार्बनचं भोक जरा जरी गोलाईत चुकलेलं असलं तर धूळ शिरते आणि दर पेडलला ‘कट्-कट्’ सुरू होते. आपल्याकडे नोव्हेंबर ते जूनपर्यंत रस्त्यावर धूळच धूळ, त्यामुळे हा आवाज लवकर येतो. दुसरी, टायरला जागा. फ्रेम ३२ मिमी टायर घेणारी असावी आणि तुम्ही २८ लावावा. पावसाळ्यात एखाद्या वावराच्या तोंडाशी ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेली काळी माती चाकाला चिकटते, ती फोर्कच्या कमानीत अडकून चाक अक्षरशः थांबवते. रंग आणि कार्बन घासून जातो ते वेगळंच. तिसरी, माप. १७२ सेंमीला बहुतेक कंपन्यांची ५२ ते ५४ चालते, पण त्या आकड्यावर जाऊ नका. स्टॅक (बीबीपासून हेडट्यूबच्या माथ्यापर्यंतची उंची) ५४० ते ५५० आणि रीच (तेच आडवं अंतर) ३८० ते ३८५ मिमीच्या आसपास आहे का ते तक्त्यात बघा. चौथी, डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर लटकतो तो छोटा तुकडा. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो आणि तो जळगावातच काय, पुण्यातही दुकानात पडलेला सापडेलच असं नाही. फ्रेमबरोबरच दोन जादा मागवा.

चाकांबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथे सगळ्यात जास्त लोक फसतात. रिमची उंची ४० ते ४५ मिमी पुरे. मे-जूनमध्ये तापी खोऱ्यात दुपारनंतर जो आडवा वारा सुटतो, त्यात ६० मिमीचं पुढचं चाक हातात राहत नाही, ट्रक शेजारून गेला की तर मुळीच नाही. आतली रुंदी २१ ते २३ मिमी. रिम ‘हुक’ असलेली, म्हणजे टायर धरून ठेवणारी आत वळलेली कड असलेली, घ्या. हुकलेस रिम थोड्या हलक्या आणि स्वस्त मिळतात, पण त्यांना ५ बार म्हणजे ७२.५ पीएसआय हवेच्या दाबाची पक्की मर्यादा असते आणि टायरही कंपनीच्या यादीतलाच लागतो. तुमच्या वजनाला २८ मिमी टायरमध्ये पुढे ६२ आणि मागे ६६ पीएसआय ठीक आहे, म्हणजे मर्यादेच्या आतच. पण इथे उन्हाचा हिशेब येतो. सकाळी २५ अंशात ६५ पीएसआय भरलेली हवा टायरमध्ये ४५ अंशांना पोचली की ७० होते. गेज दोन-तीन पीएसआय चुकीचा दाखवत असेल तर तुम्ही काठावर आलात. हुक असलेल्या रिमवर ही चिंता नाही.

स्पोक स्टीलचे, चपटे, साधे जे-बेंड (टोकाला वाकलेले) किंवा स्ट्रेट-पुल (सरळ), पण बाजारात सुटे मिळणारे. कार्बन स्पोकची चाकं शंभर-दीडशे ग्रॅमने हलकी असतात. एक स्पोक मोडला की चाक पार्सल करून कंपनीकडे पाठवा आणि महिनाभर वाट बघा. चाकांबरोबर प्रत्येक लांबीचे दोन-दोन स्पोक मागून घ्या, पुढच्या-मागच्या आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या लांब्या वेगळ्या असतात. निपल, म्हणजे स्पोक रिमला आवळणारे नट, पितळेचे सांगा. ॲल्युमिनियम निपलने दोन्ही चाकं मिळून तीसेक ग्रॅम वाचतात, पण कार्बनला टेकलेलं ॲल्युमिनियम घाम-पाण्यात पांढरं पडून कुजतं आणि दोन पावसाळ्यांनंतर चाक सरळ करायला गेलं की निपलच गोल फिरतं. फ्रीहब, म्हणजे मागच्या चाकाचा कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) बसते तो भाग, शिमानो एचजी जातीचाच घ्या. १०५ ची १२ स्पीड कॅसेट जुन्या ११ स्पीड रोड बॉडीवरही बसते.

टायर मधल्या वजनाचा घ्या, २८ मिमीला २७० ते ३०० ग्रॅमचा, ट्यूबलेस. २०० ग्रॅमचे रेसिंग टायर सराट्यांच्या कामाचे नाहीत. सराटा म्हणजे ती बारीक चारकोनी काटेरी गोटी. रस्त्याच्या कडेच्या मुरमात पडलेली असते आणि कशीही पडली तरी एक टोक वरच असतं. तिची टोकं आखूड, त्यामुळे ट्यूबलेसमधलं सीलंट तिला सहज आवरतं. बाभळीचा काटा वेगळा. तो दोन-अडीच इंच लांब, आरपार जाऊन रिमची टेपही फोडतो. शेताच्या कुंपणाला काटेरी फांद्या लावायच्या दिवसांत खेड्यातल्या रस्त्यांवर असे काटे पडलेले असतात. काटा दिसला तर लगेच उपटू नका. चाक फिरवून काटा खाली आणा, मग उपटा, म्हणजे सीलंट भोकावर येऊन बसतं. एका टायरला ४० मिली सीलंट घाला. पाकिटावर तीन ते सहा महिने लिहिलेलं असतं. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात ते दीड-दोन महिन्यांत साय धरून सुकतं. व्हॉल्व्हचा कोर (आतला सुटा भाग) काढून आत बारीक काडी घालून बघा, ओली निघाली नाही तर २० मिली वाढवा.

टायर बसवताना घरच्या फ्लोअर पंपाने हवा धरली नाही तर लोक सायकल घेऊन हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे जातात. त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं असतं, तुमचा बारीक, प्रेस्टा जातीचा. पितळी ॲडॅप्टर खिशात हवा. ॲडॅप्टर लावा, कडेला साबणपाणी लावा, हवा सोडा, दोनदा ‘टक्’ असा आवाज आला की हात काढा. नळी आपल्याच हातात ठेवा. त्याला ट्रकच्या टायरची सवय असते, दहा सेकंदांत १२० पीएसआय होतं आणि रिमची कड उलते.

जवळ ठेवायची जादा ट्यूब टीपीयूची (पातळ प्लास्टिकची) चालेल, ३० ग्रॅमच्या आसपास आणि मुठीत मावते. तिला आपलं नेहमीचं सोल्यूशन आणि रबरी पॅच चिकटत नाही, तिचे स्वतःचे पॅच असतात. टायरच्या बाहेर काढून ती फुगवूनही बघू नका, ताणते आणि तशीच राहते.

गिअरमध्ये फार विचार नको: पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चकत्या, मागे ११ ते ३४ दात्यांची कॅसेट, क्रँक (पेडलचा दांडा) १७० मिमी. ३४ ला ३४ म्हणजे पेडलच्या एका फेरीला चाकाची एक फेरी. २८ मिमी टायरवर मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी ९ किलोमीटर. ११-३० घेतली तर तेवढ्याच फेऱ्यांना १० च्या वर जावं लागतं. कन्नडच्या घाटात ते जमतं, पण शहाद्याकडून तोरणमाळ चढताना शेवटच्या वळणांवर गुडघे बोलू लागतात. मोठ्या कॅसेटचे थोडे ग्रॅम खुशाल वाढू द्या.

आता जोडणी. हत्यारं: २ ते १५ न्यूटन-मीटरचा छोटा टॉर्क रेंच (हा नसेल तर सुरुवातच करू नका), ४० पर्यंत जाणारा मोठा, तो मोटारसायकलच्या गॅरेजमधूनही मागून आणता येतो, ॲलन की, बीबी आणि कॅसेटची हत्यारं, होज (ब्रेकच्या तेलाची नळी) कापायचा कटर, ब्लीड (ब्रेकमधली हवा काढून तेल भरायचं) किट, करवतीचा गाइड, कार्बन पेस्ट, ग्रीस. स्टँडला फ्रेमची नळी कधीच पकडू नका. भिंत मिलिमीटरभर जाडीची असते, स्टँडचा जबडा ती चेपतो आणि वरून काही दिसतही नाही. सीटपोस्टला पकडा, तोही जुना ॲल्युमिनियमचा घालून.

फ्रेम खोक्यातून काढली की आतून टॉर्च मारून बघा. बीबीच्या आट्यांत रंग किंवा रेझिन असेल तर कप हाताने फिरत नाही. जोर करू नका, आटे साफ करून घ्या. ब्रेक बसतो त्या सपाट जागांवरचा रंगाचा थर काढा, नाहीतर कॅलिपर (पॅड धरणारा ब्रेकचा भाग) तिरका बसतो आणि रोटर कितीही सरळ केला तरी घासतच राहतो. हँगर पार्सलमध्ये वाकलेला असण्याची शक्यता धराच, डिरेलर लावण्याआधी तो गेजने तपासून सरळ करून घ्या.

बीबीला ग्रीस लावून बसवा. बीएसएमध्ये उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने घट्ट होतो. इथे घाईत फ्रेमचे आटे मारलेली उदाहरणं थोडीथोडकी नाहीत. ३५ ते ५० न्यूटन-मीटर. क्रँक घालून डाव्या क्रँकची प्लास्टिकची कॅप जेमतेम १ न्यूटन-मीटर, मग त्याच क्रँकचे आवळायचे दोन पिंच बोल्ट आलटून पालटून १२ ते १४.

हल्लीच्या फ्रेममध्ये दोन्ही ब्रेकचे होज हँडलमधून हेडसेटच्या वरच्या बेअरिंगमधून खाली उतरतात. दिसायला सुरेख, दुरुस्तीला त्रासाचं. वरचं बेअरिंग बदलायचं म्हणजे बहुतेक रचनांत दोन्ही होज सोडायचे आणि पुन्हा ब्लीड करायचे. आपल्या उन्हात घाम थेट हनुवटीवरून हेडसेटच्या झाकणावर पडतो, बेअरिंग गंजतं आणि हँडल मधोमध अडकल्यासारखं वाटू लागतं. म्हणून बेअरिंग स्टेनलेसचं घ्या आणि बसवताना वरून-खालून वॉटरप्रूफ ग्रीस सढळ हाताने भरा. इथे दहा ग्रॅम ग्रीस जास्त झालं तर होऊ द्या. फ्रेममधून जाणाऱ्या होजवर फोमची नळी चढवा, नाहीतर खड्ड्यात डाऊनट्यूब ढोलकीसारखी वाजते.

होज कापण्याआधी दोन गोष्टी ठरवा. आपल्या मोटारसायकलीप्रमाणे उजव्या हाताला पुढचा ब्रेक हवा की नाही. आयात संचात तो बऱ्याचदा उलटा असतो. आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून होज ताणला जात नाही ना. कापल्यावर होज लांब करता येत नाही. काप काटकोनात, होज कटरनेच. होजवर आधी कनेक्टिंग बोल्ट, मग ऑलिव्ह (दबणारी पितळी कडी), मग इन्सर्ट (होजच्या तोंडात ठोकायची नळी) हा क्रम चुकला की तेल झिरपतं. बोल्ट ५ ते ६ न्यूटन-मीटर. ब्लीड करताना पॅड आणि चाकं दुसऱ्या खोलीत ठेवा. एक थेंब तेल पॅडवर गेलं की ब्रेक कायमचा किंचाळतो. पॅड भाजून, घासून पूर्वपदावर येतात असं लोक म्हणतात, त्यावर वेळ घालवू नका, नवे घाला. शिमानोत मिनरल ऑइल, श्रॅम कंपनीच्या रोड ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. एकाचं दुसऱ्यात गेलं तर रबरी सील फुगतात आणि पूर्ण ब्रेक बाद होतो, त्यामुळे किटही वेगळं ठेवा.

स्टिअरर, म्हणजे फोर्कची वरची नळी, कापणं हे या कामातलं सगळ्यात मोठं न परतणारं पाऊल. म्हणून पहिल्या दिवशी कापूच नका. स्टेमच्या वर १०-१५ मिमीचे स्पेसर ठेवून तीन-चारशे किलोमीटर चालवा, उंची पटली की मग कापा. हे करताना आतल्या एक्सपांडरकडे लक्ष हवं. तो स्टेमच्या पकडीच्या उंचीलाच, नळीच्या आत, असायला हवा, कारण स्टेमचे बोल्ट आवळताना पोकळ कार्बन नळीला आतून आधार तोच देतो. स्टेम खाली घेतला आणि एक्सपांडर वरच राहिला, तर नळीला केसाएवढी चीर जाते. ती घाट उतरताना मोठ्या ब्रेकला उघडते. कापताना स्टेमच्या वर ५ मिमीचा एक स्पेसर कायम ठेवा आणि नळी त्या स्पेसरच्या कडेपेक्षा ३ मिमी खाली राहील अशी खूण करा. म्हणजे पकडीची पूर्ण उंची नळीवर बसते आणि वरच्या झाकणालाही आवळायला जागा उरते. ३२ दात्यांचं नवं पातं, गाइड, खुणेभोवती टेप. अर्ध्यावर आल्यावर नळी फिरवून दुसऱ्या बाजूने कापा, म्हणजे शेवटचे धागे उपटले जात नाहीत. पातं ओलं ठेवा, तोंडाला मास्क लावा, भुकटी ओल्या फडक्याने पुसा. ती झाडून उडवायची वस्तू नाही. कापलेल्या कडेला सुपरग्लूचा पातळ हात द्या.

मग क्रम: आधी वरच्या झाकणाचा बोल्ट १ ते ३ न्यूटन-मीटर, फक्त बेअरिंगमधला खेळ जाईपर्यंत. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, दुसऱ्या हाताचं बोट हेडसेटच्या फटीवर ठेवा. बोटाला टकटक लागली नाही की पुरे. त्यानंतरच स्टेमचे बोल्ट आलटून पालटून ५. हा क्रम उलटा केला तर झाकण कितीही पिळलं तरी खेळ जात नाही, आणि मग लोक एक्सपांडर उपटून काढतात.

कार्बनवर कार्बन येतं तिथे ग्रीस नाही, पेस्ट. पेस्टमधल्या बारीक कणांमुळे कमी टॉर्कवरही पकड बसते. सीटपोस्टचा क्लॅम्प ४ ते ५. तरीही पोस्ट सरकत असेल तर टॉर्क वाढवू नका. पोस्ट काढा, आतली धूळ आणि जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पुन्हा लावा. बाकीचे आकडे: कॅसेट आणि सेंटरलॉक रोटर ४०, कॅलिपरचे बोल्ट ६ ते ८, पेडल ३५ ते ४०, डिरेलर हँगरला ८ ते १०. भागावर स्वतःचा आकडा छापलेला असेल तर तोच खरा. टायटॅनियम बोल्ट लावायची हौस असेल तर आट्यांना अँटी-सीझ लावा. स्टेमला ॲल्युमिनियमचे रंगीत बोल्ट मात्र बिलकुल नकोत.

चेन पुढच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर, डिरेलरमधून न नेता, गुंडाळा आणि जुळते तिथून दोन कड्या जास्त धरून तोडा. १२ स्पीडचा क्विकलिंक (चेन जोडायची सुटी कडी) एकदाच वापरायचा. सीटची उंची बीबीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजतात. पायाची आतली उंची गुणिले ०.८८३ इथून सुरुवात करा. ८० सेंमीला ७०.६ येतात. पुढचं गुडघे सांगतील.

नवे डिस्क पॅड लगेच धरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० पर्यंत वेग घ्या आणि चालण्याच्या वेगापर्यंत आणा, चाक पूर्ण थांबवू नका. पुढे वीस, मागे वीस वेळा. हे न करता थेट अजिंठ्याचा उतार धरला तर पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत होतात. शंभर किलोमीटरनंतर हेडसेटचा खेळ, स्टेम, थ्रू-ॲक्सल आणि चाकांचा डोल पुन्हा तपासा. नव्या चाकातले स्पोक या टप्प्यात सैल पडतात.

मे महिन्यात सायकल बंद गाडीत ठेवून लग्नाला जाऊ नका. चांगल्या फ्रेमचं रेझिन शंभर अंशांच्या पुढेच मऊ पडतं, त्यामुळे फ्रेमला काही होत नाही. पण टायरमधला दाब वाढतो, सीलंट आटतं आणि हँडलच्या टेपचा गोंद सुटून टेप वळतो. ठेवायचीच असेल तर हवा ३० पीएसआयवर आणून ठेवा. कपाशीच्या हंगामात गाड्यांतून उडालेला कापूस तेलकट चेनला धरतो आणि डिरेलरच्या पुलीभोवती वात वळल्यासारखा गुंडाळतो. त्या दिवसांत चेनला ओलं तेल नको, मेणाचं किंवा कोरडं वंगण घाला आणि पुलीतली ती वात दर आठवड्याला चिमट्याने ओढून काढा.

सीटखालच्या पिशवीत: एक टीपीयू ट्यूब आणि तिचे पॅच, ट्यूबलेसचे प्लग, दोन क्विकलिंक, छोटा चेन ब्रेकर, जादा हँगर आणि तो पितळी ॲडॅप्टर. डीआयटूच्या लिव्हरमध्ये सीआर १६३२ बटनसेल असतात, दोन सोबत ठेवा. रविवारी सकाळी अजिंठा घाटाच्या पायथ्याला फर्दापूरला ते मिळायचे नाहीत.